बुधवारचा उपास

"बाबा, हिमालयात कठडे नसतात धरायला," ऋचा पुण्याहून फोनवर म्हणाली, तेव्हा कमलाकरराव पुसदच्या आपल्या घरी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून दम खात होते. गच्चीवर वाळत घातलेल्या डाळीवरून चिमण्या हाकलायला रजनीताईंनी त्यांना वर पाठवलं होतं. चिमण्यांची डाळ खाऊन झाली तरी कमलाकरराव अजून वाटेतच होते.

ऋचा दरवर्षी मैत्रिणींबरोबर हिमालयात जात असे. दिवसभर चालायचं, संध्याकाळी एखाद्या लाकडी झोपडीत मुक्काम करायचा, सकाळी पुढच्या झोपडीकडे निघायचं, असा तो प्रकार. यंदा मे महिन्यात त्यांच्या गटात एक जागा रिकामी होती आणि कमलाकररावांनी तिच्यावर डोळा ठेवला होता. त्याला कारण होतं. बांधकाम खात्याच्या कचेरीत त्यांच्या टेबलासमोर एका जुन्या कॅलेंडरचं पान लटकत असे. त्यावर बर्फाचा डोंगर होता. साल उलटलं, साहेब बदलले, भिंतीला दोनदा रंग दिला, पण ते पान कमलाकररावांनी काढू दिलं नाही. उभी नोकरी त्यांनी त्या डोंगराकडे बघत नाल्यांच्या आणि मोऱ्यांच्या फायली हातावेगळ्या केल्या. प्रत्यक्षात ते सर्वांत उंच चढले होते ते गावच्या पाण्याच्या टाकीवर, आणि तेही साहेब तपासणीला आले म्हणून नाइलाजाने. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळ दिलं, ते रिक्षात विसरलं. कॅलेंडरचं पान मात्र त्यांनी गुंडाळी करून छातीशी धरून घरी आणलं.

"मला ने एकदा," ते आता फोनवर म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू होता की ऋचाला पुढचा विनोद करवला नाही.

"बरं, मग परीक्षा द्या," ती म्हणाली. "आधी तिकडेच, आपल्या डोंगरांत तीन दिवस चालून दाखवा. पाठीवर ओझं, मुक्काम झोपडीत आणि गाडीत पाय ठेवायचा नाही. तुमचा ठिपका मला इथे फोनवर दिसेल. जमलं तर नेते. नाही तर मे महिन्यात आईबरोबर शेवया करा."

"शेवया करतानाबी पायातच येतात ते," स्वयंपाकघरातून रजनीताईंचा आवाज आला.

ही बातमी कमलाकररावांनी आपल्या दोन शाळूसोबत्यांना सांगितली. रामराव हे शेतकरी, कापूस-तुरीचे धनी आणि खाण्याचे त्याहून मोठे धनी. सदाशिवराव हे निवृत्त मुख्याध्यापक. ते बोलायला लागले की समोरच्याला तास संपल्याच्या घंटेची आठवण यायची.

"झोपड्यायसाठी हिमालयात कायले जा लागते बे?" रामराव म्हणाले. "आपल्या वावरायत काय कमी झोपड्या हायेत? पहिल्या दिवशी दुपारी माह्या चुलतबहिणीच्या, बेबीच्या वावरात चहा. रातच्याले तांड्यावरच्या फुलसिंगच्या झोपडीत मुक्काम. दुसऱ्या दिवशी मैनाबाईची झोपडी, अन् तिसऱ्या दिवशी वाघाईदेवीचा डोंगर. झाला तुहा हिमालय! मी सगळ्यायले फोन करून ठेवतो."

फोन करू नको, असं त्याच वेळी कोणी तरी म्हणायला हवं होतं. कोणी म्हणालं नाही, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

मंगळवारी सकाळी तिघे निघाले. कमलाकररावांच्या पायात ऋचाने पाठवलेले नवे कोरे बूट, दोन्ही हातांत दोन काठ्या आणि पाठीवर पिशवी. थंडीचे दिवस होते, तुरीला शेंगा लागल्या होत्या, हरभरा हिरवागार होता. दुपारपर्यंत ते बेबीताईंच्या शेतावर पोचलेसुद्धा. कमलाकररावांना वाटलं, आपण उगीच घाबरत होतो.

झोपडीसमोर धूर निघत होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजले जात होते, शेजारी भल्यामोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. लग्नाचं वऱ्हाड जेवून गेलं असतं एवढा तो घाट होता.

"ताई, आम्ही फक्त चहा घेणार होतो," कमलाकरराव म्हणाले.

"चहा?" बेबीताईंचा चेहरा उतरला. "इतक्या दिवसानं भाऊ वावरात आला अन् चहावर लावून देऊ? आमच्या हातचं गोड लागत नाही काय?"

या प्रश्नाला वऱ्हाडात एकच उत्तर आहे, आणि ते पाटावर बसून द्यावं लागतं. रोडगा हातात फोडायचा, कुस्करायचा, त्यावर वरण, आणि वरून तूप. तूप वाढायचं काम बेबीताईंनी स्वतःकडे ठेवलं होतं. "बस" म्हणायला तोंड उघडलं की त्या तोंडात घास असायचा, आणि तेवढ्यात तुपाची धार पडलेली असायची. रामरावांनी तर हात आडवा धरणं हा अपमानच मानला. जेवण झाल्यावर "अंमळ पाठ टेकतो" म्हणून तिघे झोपडीत आडवे झाले, ते दिवेलागणीला फोन वाजला तेव्हा उठले.

"बाबा, तुमचा ठिपका दुपारपासून हललेला नाही," ऋचा म्हणाली. "बरे आहात ना?"

"बरे आहोत. जरा... विश्रांती."

"आजचा टप्पा बुडाला म्हणजे. उद्या दोन झोपड्यांचं अंतर चालावं लागेल. नाही तर परवा डोंगर गाठता येणार नाही, आणि मी काही सूट देणार नाही हं बाबा."

कमलाकररावांनी सकाळी उठून हिशेब केला. रात्रीपर्यंत मैनाबाईंची झोपडी गाठायची, तर फुलसिंगच्या शेतावर दुपारी पाणी पिऊन लगेच निघावं लागणार होतं. पण फुलसिंगनेही जेवण करून ठेवलं असणार. आणि जेवल्यावर काय होतं, ते कालच कळलं होतं.

"त्याला सांग, जेवायचं करू नको म्हणून," ते रामरावांना म्हणाले.

"असं कसं सांगू? वाईट वाटन त्याले. काही त कारण पाह्यजे." रामरावांनी डोकं खाजवलं आणि फोन लावला. "फुलसिंगभाऊ, जेवनाचं काही करू नका बरं. उपास हाय आम्हाले."

"तिघायलेबी?" फुलसिंगचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता.

"तिघायलेबी."

"पण आज बुधवार हाय ना, भाऊ?"

रामरावांनी पुन्हा डोकं खाजवलं. "हो," मग ते ठामपणे म्हणाले, "बुधवारचाच हाय."

सोमवार महादेवाचा, मंगळवार आणि शुक्रवार देवीचे, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. रविवारालाही कोणी ना कोणी धनी सापडतो. त्या भागात बुधवारी कोणी उपास केल्याचं फुलसिंगच्या ऐकण्यात नव्हतं. तो विचार करू लागला. तीन वयस्कर माणसं, एक शेतकरी, एक मास्तर, एक सरकारी नोकरीतला. तिघांना एकाच दिवशी उपास, तोही बुधवारी. पायी निघालेत, आणि तोंड वाघाईच्या डोंगराकडे. फोन खिशात जाईपर्यंत त्याचा उलगडा झाला. हा साधा उपास नव्हता, हा नवस होता. त्याने फोन पुन्हा बाहेर काढला आणि ही गोष्ट मैनाबाईंना कळवली. वाटेतल्या दोन-चार पाहुण्यांनाही कळवली, कारण अशी गोष्ट एकट्याने पोटात ठेवणं बरं नव्हे.

इकडे कमलाकररावांच्या नव्या बुटांनी टाचा सोलून काढल्या होत्या. शेवटी त्यांनी बूट काढले, नाड्या एकमेकींत बांधून गळ्यात अडकवले आणि मऊ पायवाटेवरून अनवाणी चालू लागले. सदाशिवरावांना पहिल्याच चढावर एवढी धाप लागली की त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. अशा अवस्थेत तिघे फुलसिंगच्या झोपडीवर पोचले. तांड्यातली बरीच मंडळी जमलेली होती. फुलसिंगची म्हातारी आई, धनीबाई, खाटेवर बसून डोळे बारीक करून बघत होती.

"हे अनवाणी हाय," ती कमलाकररावांकडे बोट दाखवून म्हणाली. मग सदाशिवरावांकडे वळली. "अन् हे मास्तर बोलत काहून नाही?"

रामरावांना इथे सावरता आलं असतं. पण एकदा माणसाला खोटं बोलणं जमायला लागलं की थांबायचं कुठे हे समजत नाही. "मौन हाय त्यायचं," ते म्हणाले.

सदाशिवरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की शाळेत असते तर रामराव बाकावर उभे राहिले असते. पण आजूबाजूच्या बायांनी तेवढ्यात हात जोडले होते. मास्तरांना तोंड मिटावंच लागलं. पुढचा दीड दिवस त्यांनी ते मिटलेलं ठेवलं, आणि त्यांच्या उभ्या आयुष्यात एवढा त्रास त्यांना कशाचाही झाला नाही.

फुलसिंगच्या बायकोने साबुदाण्याच्या उसळीची परात आणली. शेंगदाण्याचा कूट, हिरवी मिरची, वर लिंबू. रामरावांचा चेहरा उजळला. उपास म्हटल्यावर असं काही असेल, हे त्यांनी मनात धरलंच होतं.

"उचल ते," धनीबाई कडाडली. "नवसाच्या उपासाले मीठ नाही चालत."

"नवस?" कमलाकरराव दचकले.

"याडी म्हणते ते बरोबर हाय," फुलसिंग आईकडे बघत अदबीने म्हणाला. परात आत गेली आणि उकडलेली रताळी आणि दूध बाहेर आलं. रामरावांनी त्या परातीला डोळ्यांनीच निरोप दिला. रताळं हातात घेऊन ते इतके गंभीर झाले की त्यांचीच भक्ती सर्वांत जास्त आहे, असं लोकांना वाटलं.

एक गोष्ट मात्र झाली. पोट हलकं राहिलं, पाठ टेकायची इच्छा झाली नाही, आणि तिघे भराभर चालू लागले. वाटेत कमलाकररावांना ऋचाचा निरोप आला, "बाबा, ठिपका पळतोय! जीपमध्ये तर नाही ना?" आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यावर वेगाचा आरोप झाला होता. ते इतके खूश झाले की टाचांचं दुखणं काही वेळ विसरले.

संध्याकाळी मैनाबाईंच्या झोपडीवर त्यांचे पाय धुतले गेले. कपाळाला कुंकू लागलं. कमलाकररावांना अगदीच राहवेना. लोक भोळ्या मनाने पाया पडतात आणि आपण रोडगे चुकवायला निघालेली माणसं, याची त्यांना खरोखर लाज वाटली. त्यांनी मैनाबाईंना बाजूला बोलावलं.

"बाई, खरं सांगतो तुम्हाला. नवस वगैरे काही नाही हो."

मैनाबाईंनी समजूतदारपणे मान हलवली. "बरोबर हाय भाऊ. सांगू नये. सांगितला त फळत नाही."

गुरुवारी सकाळी निघताना शेजारच्या शेतातून एक जण नारळ घेऊन आला. "माह्या नावानं वाघाईले वाहाजा." त्याच्यामागे दुसरा आला. मग एक म्हातारी आली, तिच्या नातीचं लग्न जमत नव्हतं. देवाकडे निघालेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. ऋचाने पाठीवर ओझं सांगितलं होतं. ते आता नारळांनी गच्च भरलं.

डोंगराच्या पायथ्याशी डांबरी रस्ता ओलांडताना कमलाकररावांच्या गुडघ्याने राजीनामा दिला. ते मोरीच्या कठड्यावर बसले. अशा कितीतरी मोऱ्यांच्या फायली त्यांनी मंजूर केल्या होत्या, पण मोरीच्या कठड्याचा इतका उपयोग कधी झाला नव्हता. समोर डोंगर सरळ वर गेला होता. हा चढ तर वाघाईचा, मग तो बर्फाचा कसा चढणार, असा विचार त्यांच्या मनात आला आणि डोळे भरून आले.

"रामा, राहू दे," ते म्हणाले. "माझ्याच्याने नाही होत. ऋचाला सांगतो, शेवया करीन म्हणून."

 सदाशिवरावांना बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसता मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात उमरखेडच्या दिशेने जाणारी माणसांनी भरलेली जीप आली आणि कमलाकररावांनी हात केला.

जीप थांबली. ड्रायव्हर उतरला, आणि त्यांचे अनवाणी पाय, गळ्यातले बूट, कपाळावरचं कुंकू बघून दोन पावलं मागे सरला.

"तुम्ही ते बुधवारवाले ना? काकाजी, तुम्हाले गाडीत बसवू? अन् माही गाडी घाटात बंद पडली मंग?" तो खाली वाकला, पायाला हात लावला, सीटखालून एक नारळ काढून त्यांच्या पिशवीत कोंबला. "माह्याबी नावानं एक वाहाजा. टायर सारखा पंक्चर होऊन राह्यला." जीपमधल्या सगळ्या माणसांनी बसल्या जागी हात जोडले आणि जीप निघून गेली.

कमलाकरराव रस्त्याकडे बघत राहिले. मागून डफडं ऐकू येऊ लागलं. मैनाबाई आणि त्यांच्याकडची माणसं त्यांना सोबत करायला आली होती. आता खाली जायची सोय नव्हती आणि बसून राहायचीही नव्हती. एकच दिशा उरली होती. ते उठले, दोन्ही काठ्या रोवल्या आणि चढू लागले. दर वळणावर "चला भाऊ, थोडंसंच राह्यलं" असं कोणी तरी म्हणे, आणि ते दर वेळी खोटं निघे. पण त्या आवाजाने पाय उचलत होता, एवढं खरं. आपल्या चालण्यावर इतक्या माणसांचा जीव लागलाय, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. नोकरीत तर नाहीच.

दुपार कलता कलता ते माथ्यावर पोचले. वाघाईच्या ओट्यासमोर धनीबाई कधीची येऊन बसली होती. ती तांड्यातल्या बायांबरोबर आडवाटेने वर आली होती. नारळ फुटले, टायरच्या नावाचाही फुटला. कमलाकररावांना मग काही सुचेना. ते धनीबाईसमोर बसले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आजी, मला माफ करा. उपास नव्हता. जेवण टाळायला आम्ही खोटं बोललो."

डफडं थांबलं. रामराव देवीच्या मागे कुठे लपता येईल ते बघू लागले.

धनीबाईने डोळे बारीक केले. "मंग कालपासून खाल्लं काय तुम्ही?"

"रताळी. दूध."

"मीठ?"

"नाही."

"आले कसे?"

"पायी."

"पायात काय होतं?"

"काही नाही. बूट चावत होते."

"मंग ह्याले उपास नाही त काय म्हणतेत रे बापा?" धनीबाई म्हणाली. लोक हसले. "अन् चालतानी मनात काय मागून राह्यले होते?"

 तीन दिवस, प्रत्येक पावलाला, कमलाकररावांनी एकच गोष्ट मागितली होती.  "पोरीनं मला हिमालयात न्यावं," ते म्हणाले.

नेमका तेव्हाच फोन वाजला. माथ्यावर रेंज होती. पडद्यावर ऋचाचा चेहरा दिसला. तिला बापाच्या कपाळावरचं कुंकू दिसलं, गळ्यातले बूट दिसले, मागे डफडं आणि गर्दी दिसली.

"बाबा! हे काय आहे? मी ट्रेक म्हणाले होते!"

"पोचलो बाई," कमलाकरराव म्हणाले, "सगळं पायी."

 ऋचाने डोळे पुसलेले सगळ्यांनी पाहिले. "नेते," ती म्हणाली. "नेते, बाबा."

"पावला!" फुलसिंग ओरडला आणि डफडं पुन्हा सुरू झालं. सदाशिवरावांचं मौन त्या क्षणी सुटलं. त्यांनी तिथल्या तिथे जे भाषण सुरू केलं, ते सगळे जण डोंगर उतरले तरी चालूच होतं.

"पावला त फेडा लागन बरं," धनीबाईने कमलाकररावांना बजावलं.

मे महिन्यात कमलाकरराव खरोखरच हिमालयात गेले. बर्फाच्या डोंगरासमोर उभे राहून मनसोक्त रडले आणि ऋचाने त्यांना रडू दिलं. एकच गोष्ट त्यांना खटकली. तिकडच्या झोपड्यांत जेवण मोजून मिळे, आणि ताटात दुसऱ्यांदा काही घालायला कोणी येत नसे. माणसं चांगली आहेत पण आग्रह नाही, असं त्यांनी परत आल्यावर रजनीताईंना हळहळून सांगितलं.

थंडी पडली तसा नवस फेडायचा दिवस ठरला. या वेळी ऋचाही पुण्याहून आली. "आपल्याकडचे डोंगर म्हणजे काय, सकाळची फेरी," असं म्हणत ती तिघांच्या पुढे चालत होती. दुपारी बेबीताईंच्या झोपडीसमोर धूर दिसला. ऋचाने पहिला रोडगा आनंदाने खाल्ला, दुसरा आग्रहाखातर खाल्ला. तिसरा पानात पडला आणि बेबीताई तुपाचं भांडं घेऊन वर उभ्या राहिल्या, तेव्हा हिमालय पालथा घातलेल्या त्या पोरीचा धीर सुटला.

"बाबा," ती त्यांच्या कानाशी लागली, "प्लीज यांना सांगा ना, मला उपास आहे म्हणून."

कमलाकररावांनी घास खाली ठेवला. "आज वार कोणता गं?"

"बुधवार."

"मग गप जेव," ते म्हणाले आणि त्यांनी तिची वाटी स्वतःच्या हाताने तुपाच्या धारेखाली धरली.